टॅप शूज कोल्हापुरात शिवून घेतले, त्याचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर सुभाषनगरातल्या एका चपलेच्या दुकानात मी टॅप शूज, म्हणजे तळाला धातूच्या पत्र्या लावलेले, नाचताना वाजणारे बूट, शिवायला टाकले. अकरा आठवड्यांनी मिळाले. आता चार महिने रोज वापरून झालेत, म्हणून लिहायला बसले. मिळाल्या मिळाल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसती तक्रार.

दुकानाला नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर ‘चप्पल, बूट ऑर्डरप्रमाणे’ एवढंच रंगवलंय. मुख्य रस्ता सोडून आत वळलं की पिठाच्या गिरणीला लागून. चप्पल लाईन या बाजारात पाहुणे जी चप्पल हौसेनं घेतात, त्यातली कितीतरी अशाच घरांतून तयार होऊन तिकडं जाते. काका पुढच्या खोलीत दगडापुढं बसतात, शेजारी रापी, आरी, मेण लावलेला दोरा. आत काकू आणि सूनबाई चपलांच्या वेण्या घालत असतात. चामड्याचा आणि बाभळीच्या सालीचा तो वास दारातच गाठतो.

मी राजारामपुरीत कथक शिकवते, बावीस वर्षं झाली. मग टॅप कुठून आलं, तर माझ्या मामांमुळं. मामांकडे भाड्यानं द्यायच्या व्हिडिओ कॅसेट असायच्या. १९९० च्या उन्हाळ्यात, मी बारा वर्षांची असताना, त्यातल्या एका कॅसेटवर जुन्या हॉलिवूडच्या नाचांचे तुकडे होते. एका तुकड्यात जमिनीला भोकं पाडलेली, त्यातून वादकांचे नुसते हात वर आलेले. कुणाच्या हातात ढोल, कुणाच्या हातात व्हायोलिन, माणूस कुठंच नाही. आणि त्या हातांच्या जंगलातून काळ्याभोर केसांची, लांब पायांची एक बाई टकटकटकटक करत वाट काढत चाललेली. कॅसेट इतकी मागं-पुढं केली की मामी ओरडली. ती बाई म्हणजे ॲन मिलर, चित्रपट १९५३ चा ‘स्मॉल टाउन गर्ल’, आणि तो नाच बसवणारा बस्बी बर्कली. हे सगळं पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं होतं की घुंगरू न बांधताही पाय बोलू शकतात.

आधी ऑनलाइन एक जोड मागवला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. माप चुकीचं, पत्र्या रिव्हेट मारून बसवलेल्या, तीन आठवड्यांत उजव्या टाचेची पत्री निघून कपाटाखाली गेली. बदलून द्यायला नकार. तेव्हाच ठरवलं की ज्या गावात पायताणाची इतकी जाण आहे, तिथं राहून बाहेर शोधायचं नाही.

काकांना टॅप शूज म्हणजे काय ते सांगताना मला सोपं वाटलं होतं. बुटाच्या चवड्याखाली एक आणि टाचेखाली एक धातूची पत्री, स्क्रूनं बसवलेली. काका म्हणाले, “नाल मारायची व्हय बुटाला?” मी म्हटलं नाल नव्हे, वाद्य. मग टॅब्लेट काढून ॲन मिलरचे तीन नाच दाखवले. काकांनी चेहरा एकदाही बघितला नाही. नजर गुडघ्याच्या खाली. पहिला नाच संपल्यावर परत लावायला सांगितला, दुसऱ्यांदा बघून म्हणाले,

“ताई, ह्या बाईच्या पायात रबर हाय.”

“कशावरनं काका?”

“फरशी बगा की, आरशागत हाय. चामड्याच्या तळानं असल्या फरशीवर गिरकी घेतली तर मानूस भिंतीला जाऊन लागंल. ही जागच्या जागी थांबत्या.”

मी हे वाचलेलं होतं, आणि बरीच वर्षं नाचणारी असूनही पडद्यावर मला ते कधी दिसलं नव्हतं. स्टुडिओतली जमीन गुळगुळीत असायची, म्हणून चित्रीकरणाच्या वेळी ती रबरी तळाचे बूट घालून नाचायची. आवाज नंतर. चित्रपट पडद्यावर चालू ठेवायचा, समोर लाकडी फळीवर खऱ्या टॅपनं उभं राहायचं आणि स्वतःच्याच पायांशी पाय जुळवत तो आवाज रेकॉर्ड करायचा. हे सांगितल्यावर काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे एक नाच दोन येळा नाचली.”

तिच्याबद्दल एक आकडा सगळीकडे सांगतात, मिनिटाला ५०० ठोके. ही स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याची करामत. तरी मी कथकवाली म्हणून हिशेब केला. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चौगुन, मात्रेला चार ठोके, म्हणजे मिनिटाला ४८०. तयारीची नर्तकी तत्कारात, म्हणजे कथकच्या पायांच्या ठोक्यांत, तिथवर पोचते, पण अनवाणी, जड घुंगरांसह, एका जागी. ही बाई उंच टाचेत, पूर्ण स्टेजभर फिरत, गिरक्या घेत, चेहऱ्यावर हसू ठेवून नाचते. आकडा फुगवलेला असला तरी मला तिची तयारी कमी वाटत नाही.

दुसरा नाच १९४८ च्या ‘ईस्टर परेड’मधला. ही भूमिका आधी सिड चॅरिस या नर्तकीला दिलेली. तिच्या पायाला दुखापत झाली म्हणून ॲनला मिळाली. आणि ॲन स्वतः कशी होती? नवऱ्यानं गरोदरपणात जिन्यावरून ढकललेली, बाळ गेलेलं, पाठ जायबंदी. पाठीला आधाराचा पट्टा बांधून ती तो एकटीचा नाच नाचली. मी हा नाच मुलींना वर्गात दाखवते तेव्हा आधी नुसता दाखवते आणि नंतर हे सांगते. नंतर परत बघताना एकही मुलगी बोलत नाही. त्याच चित्रपटात नायक फ्रेड ॲस्टेअरबरोबर नाचताना ती सपाट बॅलेच्या चपला घालते, कारण टाचेत ती त्याच्याहून उंच दिसायची. हे काकांनीच आधी ओळखलं. “हितं टाच नाही,” म्हणाले, आणि कागदावर पेन्सिलीनं दोन पाय काढले, एक टाचेचा आणि एक सपाट, वजन कुठं पडतं त्यावर फुल्या मारल्या. माझ्या पायाचं माप त्यांनी त्यानंतर घेतलं.

माप घेणं हा एक सोहळाच होता. उभं राहून, बसून, चवड्यावर, टाचेवर. उजवा पाय डाव्यापेक्षा जरा रुंद आहे हे मला सत्तेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. “घुंगराचा पाय हाय तुमचा, अनवाणी पसरलाय,” म्हणाले, आणि दोन्ही पायांचे वेगवेगळे लाकडी फर्मे, म्हणजे साचे, काढायला टाकले. तिथं माझा विश्वास बसला.

पत्र्यांसाठी त्यांनी मला उद्यमनगरला धाडलं. कोल्हापुरात लेथ आणि फाउंड्रीला तोटा नाही, पण नाचाच्या बुटाची पत्री मागणारी बाई त्या मिस्त्रींनी पहिल्यांदाच बघितली असणार. पहिल्या लोखंडी कापून दिल्या. घालून बघितल्या तर खडीवरून बैलगाडी चालल्यासारखा आवाज, आणि पाय दहा मिनिटांत भरून आले. मग मी त्यांना सांगितलं की टॅपच्या पत्र्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या असतात, हलक्या आणि टणक. दुसऱ्या खेपेला ॲल्युमिनियमच्या, कडा गोल घासून, आतल्या बाजूला किंचित खोलगट. हा खोलगटपणा मिस्त्रींनी स्वतःच्या डोक्यानं केला. पत्री तळाला पूर्ण चिकटली तर बसका आवाज येईल, थोडी पोकळी ठेवू, म्हणाले. चार पत्र्यांचे सहाशे रुपये घेतले, लोखंडी पत्र्यांचे पैसे घेतले नाहीत.

आता बुटाबद्दल. काळं गाईचं चामडं, पायावरून बक्कलचा एक पट्टा, दीड इंचाची टाच. तळ चामड्याचाच, दोन थरांचा, हातानं शिवलेला. मी चांगल्या फळीवर नाचणार होते, आरशासारख्या फरशीवर नाही, त्यामुळं रबराचा प्रश्न नव्हता. टाच कोल्हापुरीसारखी, चामड्याचे थर एकावर एक बसवून. इथं पहिली अडचण आली. चामड्याच्या थरांत स्क्रू नीट धरेना, पंधरा मिनिटं नाचलं की टाचेची पत्री खुळखुळायची. काकांनी टाच उकलली, मधोमध सागवानाची छोटी गुल्ली ठोकून बसवली आणि स्क्रू त्या लाकडात घेतले. तेव्हापासून डावी टाच चार महिन्यांत फक्त एकदा सैल झाली, उजवी एकदाही नाही.

पत्री आणि तळ यांच्यामध्ये काय घालायचं यावर एक आख्खी दुपार गेली. आधी मऊ चामड्याची चकती घातली, आवाज मेला. मग काहीच न घालता बसवली, आवाज कर्कश. शेवटी कडक, ठोकून ठोकून पातळ केलेल्या चामड्याची पट्टी. प्रत्येक वेळी काका बूट हातात घालून दगडावर आपटायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आतून काकू म्हणाल्या, “पयला बरा हुता की.” काका म्हणाले, “पयला घरात बरा, थेटरात न्हाई.” मला वाटतं हे दुसऱ्या कुठल्या गावात झालं नसतं. चालताना करकर वाजावी म्हणून तळाच्या थरांत ‘विंचू’ (खरा विंचू नव्हे, आवाज करणारी वस्तू) घालून चप्पल करणारी ही माणसं आहेत. पायताण कसं वाजतं यावरून ते कुणी केलंय ते ओळखणारी. माझ्या आजोबांची चप्पल गल्लीच्या तोंडाशी वाजली की आजी चहाचं आधण ठेवायची.

तर आवाज कसा आहे? चवड्याचा टपोरा, गोल, टाचेचा त्याच्या खालच्या सुरात. दोन्ही पायांत किंचित फरक आहे, डावा थोडा चढा. सुरुवातीला खटकला, आता त्याचा मी उपयोग करते, तबल्याच्या डग्गा आणि चाटीसारखा. फळी मात्र हवीच. मी चार बाय चारचा १८ एमएमचा प्लाय घेतला, खाली रबराच्या पट्ट्या लावल्या. शहाबादीवर नाचून बघितलं तर आवाज टोचतो आणि गुडघे धरतात, ते करू नका.

तक्रारी आहेत आणि त्या मी काकांना तोंडावर सांगितल्यात. आठ आठवडे सांगितले, अकरा लागले. माझ्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम २६ जानेवारीला होता. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, तेव्हापासून आम्हा सगळ्या छोट्या वर्गांची जागेसाठी ओढाताण चाललीय. मोठ्या मुश्किलीनं एक हॉल मिळवला होता, त्यात लाकडी स्टेज होतं, आणि माझे बूट २७ ला तयार झाले. एक दिवस! त्या संध्याकाळी मी विंगेत उभी राहून मुलींचं कथक बघितलं, माझा टॅपचा तुकडा कार्यक्रमपत्रिकेत छापलेला आणि स्टेजवर नाही. फार लागलं मला ते. काकांनी कारण सांगितलं, लग्नसराईच्या चपलांची ऑर्डर आली होती. मला कारण समजतं, पण तारीख आधी सांगितली होती. दिवस ठरलेला असेल तर त्यांना महिनाभर अलीकडची तारीख सांगा.

दुसरं, बक्कल. बुटाच्या बाकी कामापुढं बक्कल हलकं आहे, आताच त्याचा मुलामा उडायला लागलाय. तिसरं, अस्तर. घाम शोषत नाही. मे महिन्यात जाड मोजे घालावे लागले आणि मोज्यानं बूट जरा घट्ट झाला.

पैसे एकूण ४,८०० झाले, पत्र्यांचे सहाशे वेगळे. फर्म्यांचे त्यात आले. पुढचा जोड त्याच फर्म्यावर ३,५०० ला करतो म्हणालेत. हातानं शिवलेल्या, दोन्ही पायांच्या स्वतंत्र मापाच्या बुटाला ही किंमत जास्त नाही, उलट मला ती कमी वाटते. पाचापैकी साडेचार देईन. अर्धा गुण त्या एका दिवसाचा कापला.

काकांना मी तिसरं जे दाखवलं होतं ते चित्रपटातलं नव्हतं. टीव्हीवरची जाहिरात होती, १९७० ची, सूपची. एक साधी गृहिणी स्वयंपाकघरात, बघता बघता भिंती बाजूला होतात, ती गृहिणी म्हणजे ॲन मिलर, आणि एका महाकाय सूपच्या डब्यावर उभी राहून ती टॅप करते. मागं मुलींची रांग, कारंजी, सगळा जुना थाट. संगीतपटांचा जमाना तोवर संपून गेला होता. एमजीएम स्टुडिओनं त्या नाचांसाठी बांधलेली ती दुनियाच राहिली नव्हती, मोठे नर्तक टीव्हीच्या कार्यक्रमांत पाहुणे म्हणून दिसायचे. कुणी म्हणेल, एवढी मोठी नर्तकी आणि सूपच्या डब्यावर? मला ते बघताना कधीच वाईट वाटलं नाही. डबा असो की पडदा, पाय तेच आहेत, तितकेच स्वच्छ. त्या वेळी ती सत्तेचाळीस वर्षांची होती. मी बूट शिवायला टाकले तेही सत्तेचाळिसाव्या वर्षी, म्हणून ती जाहिरात मी जवळ बाळगते. १९७९ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी, ती नट मिकी रूनीबरोबर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर ‘शुगर बेबीज’मध्ये उभी राहिली आणि ते नाटक बाराशेवर प्रयोग चाललं. त्यातल्या तिच्या टॅप शूजना तिनं नावं दिली होती, मो आणि जो. आता ते बूट अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. आम्ही घुंगरांना नमस्कार करून बांधतो, दसऱ्याला त्यांची पूजा करतो. बुटांना नावं देणारी बाई मला त्यामुळं परकी वाटत नाही.

तिच्या लहानपणाची गोष्ट काकूंना सांगितली होती. टेक्सासची मुलगी, खरं नाव जॉनी ल्युसिल, वडिलांना मुलगा हवा होता म्हणून. मुडदूस झालेला, पाय बळकट व्हावेत म्हणून आईनं नाच शिकायला घातली. आईबाप वेगळे झाले, आईला ऐकू येत नसल्यानं काम मिळेना, मग मुलीनं नाचून घर चालवलं. तेराव्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबमध्ये नाचताना अभिनेत्री ल्युसिल बॉलनं बघितली, वय अठरा असल्याचा खोटा दाखला दाखवून आरकेओ स्टुडिओत लागली. काकूंच्या हातातली वेणी तशीच राहिली. “आईला ऐकू येत न्हवतं?” म्हणाल्या. “आन् पोरगी पायानं वाजवायची?” पुढं काही बोलल्या नाहीत. ॲन २००४ च्या जानेवारीत गेली, शेवटचा चित्रपट २००१ चा.

जाणार असाल तर सकाळी अकरानंतर जा, सोमवारी बंद. मोबाईलवर ऑर्डर घेत नाहीत, पाय घेऊनच यावं लागतं. नाचाचे बूट करायचे असतील तर नाच दाखवायची तयारी ठेवा, फोनवरचा छोटा पडदा नको, काकांना पायाची बोटं नीट दिसत नाहीत. पत्र्या उद्यमनगरातून आधी करून आणल्यात तर दोन आठवडे वाचतील. रोख पैसे द्यावे लागतात, निम्मे आधी.

गेल्या गुरुवारी सैल झालेला डावा स्क्रू आवळून घ्यायला गेले होते. पैसे घेतले नाहीत. बूट परत देताना काकांनी तो हातात घालून दगडावर तीनदा आपटला, थांबले, चौथ्यांदा आपटला आणि मला म्हणाले, “ताई, उजव्याचा आवाज उतरलाय बगा. त्यो ठेवून जावा, शनिवारी न्या.” मला त्यात काहीच फरक ऐकू आला नव्हता. ठेवून आले.